हाक

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला ठिपकीचं, घरी नव्यानं आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचं, रडणं थांबलं. मी अंथरुणात उठून बसले, कान देऊन ऐकलं. मागच्या पडवीतून काहीच आवाज येत नव्हता. नवऱ्याला हलवून म्हटलं, "झोपली एकदाची. लागली सवय." तो "हं" म्हणून कुशीवर वळला. दोन रात्रींचं जागरण साचलेलं, त्यामुळे मलाही लगेच गाढ झोप लागली.

सकाळी उठून बघते तर अण्णा, म्हणजे माझे सासरे, पडवीच्या पायरीवर खोक्याशी बसलेले. हातातला चहा तसाच निवलेला. खोक्यात ठिपकी कोपऱ्याला चिकटून, पाय पोटाशी ओढून पडली होती. डोळे उघडे होते. मला बघून तिनं शेपूट हलवली नाही, मान उचलली नाही. वाटीतली पेज जशीच्या तशी.

"काल शहाण्यासारखी झोपली," मी म्हणाले.

"झोपली न्हाई ती," अण्णा म्हणाले. "हाक मारायची सोडली तिनं."

ते वाक्य नंतर कितीतरी दिवस डोक्यातून गेलं नाही. पिल्लाचं रडणं कसं थांबवायचं असं आता कुणी विचारलं, तर मी आधी ही सकाळ सांगते. कुणीच फिरकलं नाही तर बरीचशी पिल्लं चार-आठ रात्रींत गप्प होतात. ती कशानं गप्प झाली, हे मात्र सकाळी उजेडात बघावं लागतं.

आम्ही साताऱ्यात राहतो. ठिपकी आम्हाला डिसेंबरात मिळाली, हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या एका पंक्चरच्या दुकानात. तिची आई दुकानामागं, जुन्या टायरांच्या ढिगात व्याली होती. चार पिल्लं. एका रात्री आई ट्रकखाली गेली. दुकानातल्या पोरानं आठवडाभर कसंबसं पिल्लांना जगवलं आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागला. दोन कुणीतरी नेली, एक थंडीनं गेलं, आणि उरली ती ही. पांढरी, कपाळावर तपकिरी रंगाचा एकच ठिपका. जेमतेम दीड महिन्याची असेल. आमच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं म्हणून आम्ही तिथं थांबलो होतो. चाक दुरुस्त होईपर्यंत ती माझ्या ओढणीत झोपून गेली होती.

आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुतेक थंडीच्या दिवसांत वितात. त्यातली किती पिल्लं जगतात, याचा एक अभ्यास मी नंतर वाचला. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पाच वर्षं रस्त्यावरच्या ९५ वेतांचा मागोवा ठेवला होता. एकूण ३६४ पिल्लं. त्यातली वयात येईपर्यंत जगली ती १९ टक्के, आणि मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मरणाला या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. टायरांच्या ढिगातल्या त्या चार पिल्लांचा हिशोब मी तेव्हापासून मनात मांडत आलेय. नेलेल्या दोघांचं काय झालं असेल, कोण जाणे.

पिल्लू घरी आणलं की सल्ला देणारे आपोआप गोळा होतात. आमच्या ओळखीतल्या एकांनी, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुत्री आहेत, अगदी आपुलकीनं सांगितलं, "पहिले तीन दिवस मन घट्ट करा. रडू दे. एकदा जवळ घेतलंत की आयुष्यभर डोक्यावर बसेल." हाच सल्ला मी माझ्या मुलाच्या वेळी, बाळंतपणातही ऐकला होता. रडू दे, फुफ्फुसं मोकळी होतात. तेव्हा तो मी ऐकला नव्हता. या वेळी मात्र ऐकला, कारण शेजारच्या घरातल्या मुलीची बारावीची प्रिलिम तोंडावर आली होती आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. लवकरात लवकर शांतता हवी होती.

पहिल्या रात्री ती साडेतीनपर्यंत रडली. रडणं म्हणजे नुसती कुंई कुंई नाही. आधी बारीक, मग वर चढत जाणारं, मग मध्येच घसा बसल्यासारखं फाटणारं, क्षणभर थांबून पुन्हा पहिल्यापासून. त्या थांबण्यात ती ऐकत असायची. कुणी उत्तर देतंय का, ते.

दुसऱ्या रात्री मी दोन वाजेपर्यंत कळ काढली आणि मग राहवेना म्हणून गेले, तिला मांडीवर घेतलं, अर्धा तास थोपटलं, पुन्हा खोक्यात ठेवून आले. आपण मधला मार्ग काढला असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ते सगळ्यांत वाईट झालं. ज्या थांब्यावर एसटी कधीच थांबत नाही, तिथं कुणी उभं राहत नाही. जिथं थांबते, तिथं माणूस निवांत बसून राहतो. पण जिथं कधी थांबते, कधी नाही, तिथं लोक हात करत गाडीमागं धावतात. दोन तास रडल्यावर माणूस येतो, हे मी तिला एका रात्रीत शिकवलं होतं. मग तिसऱ्या रात्री तिनं दोन तास रडून बघितलं, त्याहून जोरात रडून बघितलं. घंटी वाजली नाही की आपण बटण आणखी दाबून धरतो, तसं. आणि तरी कुणी आलं नाही. तेव्हा ती गप्प झाली.

त्या दिवशी मी तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. जंताचं औषध, लशींच्या तारखा हे सगळं झाल्यावर रडण्याचं विचारलं. डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर न ठेवता स्वतःच्या छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "ही आत्ता आईपाशी असायला हवी होती. दोन महिन्यांच्या आत पिल्लू तोडूच नये. तुमचा इलाज नव्हता. पण मग तुम्हीच आई व्हा ना थोडे दिवस."

त्यांनी जे समजावून सांगितलं ते इतकं साधं होतं की आधी का सुचलं नाही याचं वाईट वाटलं. पिल्लू जन्मतं ते आंधळं आणि बहिरं. दोन आठवड्यांच्या आसपास डोळे उघडतात, कानही त्याच सुमाराला. तोवर त्याला जग कळतं ते वासावरून आणि उबेवरून. सुरुवातीचे काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नीट धरता येत नाही, म्हणून पिल्लं एकमेकांवर रचून झोपतात. त्या ढिगातून एखादं गडगडत बाहेर गेलं, की ते रडतं आणि आई येते. रडणं म्हणजे त्याचं 'मी इथं आहे'. ठिपकी आमच्या पडवीत ढिगातून बाहेर पडलेलं पिल्लू होती. तिच्या बाजूनं ती बरोबरच वागत होती.

त्याच आठवड्यात वाचताना याक पँकसेप या संशोधकाचं काम समोर आलं. १९७८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की एकट्या ठेवलेल्या पिल्लांना अफूच्या जातीच्या औषधाची अगदी थोडी, गुंगी येणार नाही इतकीच मात्रा दिली तरी त्यांचं रडणं खाली येतं. म्हणजे ठेच लागल्यावरच्या वेदनेला जे औषध लागू पडतं, तेच ताटातुटीलाही. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. पहिल्या रात्री मी तिच्या रडण्याला हट्ट म्हटलं होतं.

आता अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा कोरेगाव तालुक्यातले, जन्म शेतीत गेलेला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा आम्ही त्यांना साताऱ्याला आणलं. गुडघे गेलेत, झोप कमी. दवाखान्यातून मी आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ती जिथं जन्मली तिथलं काय आणलंय का?"

काहीच आणलं नव्हतं. "आम्ही मेंढक्याकडनं पिल्लू आणायचो तवा त्याच्या आईखालचं फडकं मागून घ्यायचो," अण्णा म्हणाले. "वास असतो त्याला."

संध्याकाळी नवरा गाडी काढून पंक्चरच्या दुकानात गेला. टायरांच्या ढिगात एक गोणपाट अजून तसंच पडलेलं होतं. ग्रीसचे डाग, केस चिकटलेले, एका कडेला वाळून कडक झालेलं काहीतरी. मी ते धुवायला टाकणार होते. अण्णांनी हातातून घेतलं. "धुतलंस तर मग काय उपेग?"

ते गोणपाट खोक्यात टाकलं आणि ठिपकीला त्यावर सोडलं, ते मी जवळून बघितलंय. ती आधी अडखळली. मग नाक टेकवलं, आणि नाक न उचलता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली. त्या कडक झालेल्या कडेपाशी थांबली, तोंड तिथंच खुपसलं, आणि पुढच्या दोन पायांनी गोणपाट मळायला लागली. एक पाय, मग दुसरा, दूध पिताना आईचं पोट दाबतात तसं. आवाज एकच येत होता, नाकातून सुटणाऱ्या श्वासाचा. पाच मिनिटांत आडवी झाली. आडवी म्हणजे कुशीवर, चारी पाय सैल, पोट उघडं टाकून. तेव्हा मला सकाळचा फरक कळला. आक्रसून, डोळे उघडे ठेवून गप्प पडणं वेगळं, आणि हे वेगळं. आवाज दोन्हींत नाही.

खोका पडवीतून उचलून अण्णांच्या खोलीत, त्यांच्या खाटेला लागून ठेवला. शेकायच्या रबरी पिशवीत कोमट पाणी भरून ती जुन्या पंचात गुंडाळली आणि गोणपाटाखाली सरकवली. त्या रात्री ती दोनदा रडली. दोन्ही वेळा अण्णांनी खाटेवरूनच हात खाली सोडला. बोलले नाहीत, थोपटलं नाही, नुसता हात. ती त्यांच्या बोटांना नाक लावून पुन्हा झोपली.

पण रात्री उठावं लागतंच. एवढ्याशा पिल्लाला महिन्याला साधारण तास असा हिशोब धरायचा, दीड-दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दीड-दोन तास लघवी धरू शकतं. झोपेत थोडं जास्त. मी गजर लावायला लागले, एकचा आणि चारचा. तिनं रडून उठवण्याआधी आपण उठायचं, हे मला फार मोलाचं वाटतं. ती रडली आणि मी आले असं व्हायच्या ऐवजी मी आपणहून आले असं झालं, की मग रडण्याशी येण्याची गाठ पडत नाही. मोठा दिवा लावायचा नाही, लाड नाहीत, खेळ नाही. उचलायचं, अंगणात मातीवर ठेवायचं, झालं की "शाब्बास" म्हणायचं आणि परत खोक्यात. डिसेंबरातल्या साताऱ्याच्या पहाटे चार वाजता अंगणात उभं राहणं सोपं नाही, पण आठवडाभरात एकचा गजर दोनवर गेला आणि मग एकच पुरला.

रात्र सावरली तरी दिवसाचं रडणं वेगळं होतं, आणि ते ओळखायला मला जास्त वेळ लागला. लघवीचं रडणं तुटक असतं, त्याबरोबर ती जमीन हुंगत गोल फिरते. पेंगुळलेलं मूल किरकिर करतं तसंही एक असतं. पिल्लांना दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते आणि पाहुण्यांच्या हातातून फिरलेलं पिल्लू त्याला मुकतं. त्यावर उपाय फक्त अंधार आणि शांत कोपरा. आणि एक असतं मागण्याचं. त्यात ती तुमच्याकडे बघते. आवाज काढते, थांबते, परिणाम झाला का ते बघते, पुन्हा काढते. पोळपाटाशी मी असले की हेच चालायचं.

या मागण्याच्या रडण्याकडे खरंच लक्ष द्यायचं नाही. पण नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही. गप्प राहिल्यावर काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर गप्प राहावं तरी कशासाठी? मी चणे-फुटाण्यांएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे डबीत ठेवायला लागले. ती रडत असताना पाठ फिरवून उभी राहायची. श्वास घ्यायला ती थांबली, तो एक क्षण पकडायचा, "छान" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. आधी एका क्षणाला. मग दोन, मग पाच. क्षण चुकला आणि तुकडा रडण्यावर पडला तर शिकवण उलटी होते. दोन दिवस माझे क्षण चुकत होते. तिसऱ्या दिवशी ती रडायला तोंड उघडून थांबली, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसली. मी ओट्यापाशीच खाली बसले आणि तिला कुशीत घेतलं.

एकटं राहणंही असंच थेंबाथेंबानं शिकवलं. किल्ल्या वाजल्या की ती अस्वस्थ व्हायची. मग मी दिवसातून दहादा किल्ल्या उचलून पुन्हा खाली ठेवायला लागले, कुठंही न जाता. चप्पल घालून सोफ्यावर बसायचं. दाराबाहेर जाऊन दहा अंक मोजून आत यायचं. पन्नास. दोनशे. जिना उतरून कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन यायचं. ती रडण्याच्या आत परत यायचं, हे महत्त्वाचं. एकदा घाई केली, पहिल्याच आठवड्यात एका लग्नाला तीन तास गेलो. परत आलो तर दाराची चौकट खालून कुरतडलेली आणि तिच्या हिरडीतून रक्त आलेलं. पुन्हा दहा अंकांपासून सुरुवात.

वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारा, तोंड धरून दाबा, असंही लोकांनी सांगितलं. घाबरून रडणाऱ्याला आणखी घाबरवून काय मिळणार? शेजारी मात्र मी स्वतः गेले. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ घेऊन गेले, त्या मुलीला समोर बसवून सांगितलं की तीन आठवड्यांत आवाज कमी होईल, आणि अभ्यासाच्या वेळा विचारून घेतल्या. तिच्या आज्जी म्हणाल्या, "एवढं काय, कुत्रंच ते." अण्णा माझ्याबरोबर होते. ते हसले आणि नामदेवांची गोष्ट सांगायला लागले. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आज्जींना ती गोष्ट येत होती. शेवट दोघांनी मिळून सांगितला.

एक चूक सांगायची राहिली. फेब्रुवारीत एका दुपारी ती माझ्या पायाशी बारीक रडत होती. सगळं नीट जमलंय असं तेव्हा मला वाटत होतं. मागतेय, असं म्हणून मी पाठ फिरवली आणि पोळ्या करत राहिले. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. हे माझ्या तासाभरानंतर लक्षात आलं. ती भिंतीकडे बघत होती, आवाज सारखा एकाच पट्टीत, थांबून कानोसा घेणं नाही. खाली बसून पाय बघितला तर पुढच्या उजव्या पंजाच्या गादीत बाभळीचा काटा आरपार मोडलेला. तो काढताना ती ओरडली नाही, माझं मनगट चाटत राहिली. तासभर मी तिला गप्प बसायला शिकवत होते.

त्या रात्री मला झोप लागेना. दोनच्या सुमाराला अण्णांच्या खोलीतून ठिपकीचा आवाज आला, लघवीचा, तुटक. मी उठून गेले. दार लोटलं तर अण्णा खाटेच्या कडेवर बसलेले, अंधारात, दोन्ही हात गुडघ्यांवर. खोली थंडगार होती. पाणी सांडलेलं, तांब्या खाटेखाली गेलेला.

"कधीपासून बसलाय?"

"झाला असंल तासभर. पाय सरळच होईना."

"मग हाक का नाही मारली?"

अण्णांनी ठिपकीकडे बघितलं. "आधी आधी मारायचो," ते म्हणाले. "तुम्ही दिवसभर दमता गं पोरी."

आधी म्हणजे सासूबाई गेल्या त्या पहिल्या हिवाळ्यात. मला आठवलं. रात्री त्यांचं कण्हणं यायचं, आणि आम्ही दोघं एकमेकांना म्हणायचो, अण्णांची सवय आहे. मग ते यायचं बंद झालं. अण्णा आता इथं रुळले, असं मी माहेरी फोनवर सांगितलंही होतं.

मी पिशवीत गरम पाणी भरून आणलं, त्यांच्या गुडघ्याला लावलं. ठिपकीला अंगणात नेऊन आणलं. तिघं जण थोडा वेळ तसेच बसलो.

आता ठिपकी आठ महिन्यांची आहे. दुपारी चार तास एकटी राहते, आवाज येत नाही, हे शेजारच्या मुलीनं सांगितलंय, तीही आता कॉलेजला लागली. गोणपाटाच्या चिंध्या झाल्यात, पण टाकू देत नाही. माझा एकचा गजर कधीच बंद झाला होता. तो मी पुन्हा लावला, आणि अण्णांच्या दारात जाऊन नुसतं विचारायला लागले, "काही हवंय का?" पंधरा-वीस रात्री "न्हाई गं, झोप जा" एवढंच यायचं.

परवा गजर व्हायच्या आधीच आवाज आला. "अगं, जागी हायस का? जरा पाणी दे."

मी गेले. ठिपकीनं मान उचलून कोण आलंय ते बघितलं, आणि पुन्हा कुशीवर पडून पाय लांब केले.